फेब्रुवारीचा पाचोळा, जुलैची गरज

महाराष्ट्रातल्या शहरांत पानगळ थंडी सरता सरता सुरू होते आणि चैत्राची पालवी फुटेपर्यंत चालते. कडुनिंब, महोगनी, पिंपळ, शिरीष, देशी बदाम, पर्जन्यवृक्ष अशी एकेका झाडाची पाळी येते, आणि जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांत वर्षभरातला बहुतेक पाचोळा रस्त्यांवर उतरतो. युरोप-अमेरिकेत झाडं कडाक्याच्या थंडीआधी पानं टाकतात. आपली झाडं ती टाकतात मुख्यतः पाणी वाचवण्यासाठी. पावसाळा संपून महिने उलटलेले असतात, जमीन कोरडी होत जाते, तेव्हा पानांतून होणारं बाष्पीभवन झाडाला परवडत नाही.

पान टाकण्यापूर्वी झाड आपली गुंतवणूक काढून घेतं. पानातल्या नायट्रोजनचा साधारण निम्मा भाग आणि फॉस्फरसचाही मोठा वाटा फांदीत परत ओढला जातो. खाली पडतं ते सेल्युलोज, लिग्निन, कॅल्शियम आणि थोडा उरलेला नायट्रोजन. म्हणजे वाळलेलं पान हा कार्बनचा साठा असतो. ते हलकं असतं, कोरडं असतं, त्याला वास येत नाही आणि ते महिनोन् महिने टिकतं.

आता शहराचा दुसरा कचरा पाहा. भाजीची देठं, फळांच्या साली, उष्टं अन्न. यात पाणी भरपूर, नायट्रोजन भरपूर, हवा खेळायला जागा मात्र नाही. हा कचरा बारा महिने रोज येतो, आणि पावसाळ्यात तो सर्वांत जास्त त्रास देतो. ओल्या कचऱ्याच्या खतप्रकल्पाला जुलैत हमखास कशाची टंचाई भासत असेल तर ती कोरड्या, कार्बनयुक्त मालाची. ती भागवायला लाकडाचा भुसा किंवा कोकोपीट विकत आणावं लागतं. हाच माल फेब्रुवारीत त्याच शहराच्या रस्त्याकडेला फुकट पडलेला होता आणि कोणीतरी काडी लावून तो संपवलेला होता.

म्हणून महापालिकेचं पाचोळा केंद्र चालवणं म्हणजे चार महिन्यांचा माल बारा महिन्यांच्या गरजेशी जोडणं. खत करण्याचं शास्त्र यात आहेच, पण त्याच्याआधी येतं ते साठवणीचं नियोजन.

काडी लावली की काय जातं

रस्त्याकडेचा पाचोळा भडकत नाही, धुमसतो. खालची पानं दमट असतात, ढिगात हवा कमी असते, त्यामुळे ज्वलन अर्धवट राहतं. अशा धुरात फुप्फुसात खोलवर जाणारे सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड आणि कर्करोगाशी संबंध असलेली काही हायड्रोकार्बनं असतात. त्यात पाचोळ्याबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या असल्या तर धूर अधिकच विषारी होतो. फेब्रुवारीतल्या सकाळी जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, ती वर चढत नाही. नेमक्या त्याच वेळी झाडलोट होते, ढीग पेटतात आणि धूर शाळेत निघालेल्या मुलांच्या उंचीवर तरंगत राहतो.

जमिनीचंही नुकसान होतं. पानातला कार्बन आणि नायट्रोजन हवेत निघून जातो. राखेत पोटॅश आणि चुना उरतो, पण जमीन भुसभुशीत ठेवणारा, पाणी धरणारा सेंद्रिय भाग पूर्ण नाहीसा होतो.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला बंदी केली. बागा-उद्यानांतला कचरा स्थानिक संस्थांनी वेगळा गोळा करावा आणि शक्यतो त्याच उद्यानात त्याच्यावर प्रक्रिया करावी, असंही त्यांत सांगितलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने अल्मित्रा पटेल यांच्या याचिकेवर निकाल देताना उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये भरपाई ठरवून दिली. पण झाडणाऱ्याला पाचोळा न्यायला जागाच दिली नाही, तर दंडाच्या फलकाने ढीग हलत नाही. पाचोळा उचलण्याची सोय आधी झाली, तरच बंदीला अर्थ येतो.

रस्त्यावरून केंद्रापर्यंत

पाचोळ्याच्या वाहतुकीतली पहिली अडचण म्हणजे त्याचं आकारमान. सुटी कोरडी पानं एका घनमीटरला शंभर किलोही भरत नाहीत. टिपर शिगोशीग भरलेला दिसतो आणि वजनकाट्यावर जेमतेम काही शे किलो भरतात. पैसे टनावर मिळत असतील तर ठेकेदार पाचोळा उचलायला नाखूश असतो, कारण डिझेल तेवढंच जळतं आणि बिल छोटं होतं. पाचोळ्याच्या कामाचा मोबदला फेरीवर किंवा घनमीटरवर ठरवला तर हा अडसर दूर होतो.

दुसरा उपाय आकारमानच कमी करण्याचा. ट्रॅक्टरला किंवा छोट्या गाडीला जोडलेला श्रेडर प्रभागातच फिरवला, तर पानं जागेवर कातरली जातात आणि एका फेरीत कित्येक पट माल जातो. कातरण्याचा दुसरा फायदा पुढे कुजताना कळतो. वड, फणस, आंबा यांच्या पानांवर मेणचट थर असतो. अखंड पानं ओली झाली की भिजलेल्या वर्तमानपत्राच्या पानांसारखी एकमेकांना चिकटतात आणि मधे हवा शिरत नाही. कातरल्यावर कडा उघड्या पडतात, बुरशीला आणि जिवाणूंना आत शिरायला वाट मिळते. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, सोनमोहोर यांच्या बारीक पर्णिका कातरायची गरज नसते. ही झाडं शेंगावर्गीय आहेत, त्यांच्या पानांत नायट्रोजन तुलनेने जास्त असतो आणि ती लवकर कुजतात. नारळाच्या झावळ्या आणि छाटणीच्या फांद्या मात्र वेगळ्या ठेवाव्या लागतात. त्यांना जाड पात्यांचं यंत्र लागतं.

तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट स्वच्छतेची. रस्त्यावरच्या झाडणात पानांसोबत गुटख्याच्या पुड्या, काचा, बांधकामाची वाळू आणि टायरची झीज होऊन पडलेली काळी धूळ येते. संक्रांतीनंतर नायलॉनचा मांजा येतो. तो श्रेडरच्या दांड्याला गुंडाळला की यंत्र बंद करून हातानेच कापावा लागतो. म्हणून चांगल्या केंद्रावर पाचोळ्याच्या दोन रांगा असतात. उद्यानं, शाळा, महाविद्यालयं, सोसायट्या यांचा स्वच्छ पाचोळा एका बाजूला आणि वाहत्या रस्त्यांचा दुसऱ्या बाजूला. पहिल्याचं खत भाजीपाल्याला चालतं. दुसऱ्याची जड धातूंसाठी तपासणी करून ते दुभाजकांवरच्या आणि रस्त्याकडेच्या झाडांना घालणं योग्य.

ही वर्गवारी केंद्रावर करायला गेलं तर खर्च फार आणि यश थोडं. ती खराट्यापाशीच होऊ शकते. सफाई कामगाराकडे पानांसाठी वेगळं पोतं असेल, मुकादमाने ते पोतं कुठे ठेवायचं हे ठरवून दिलं असेल आणि पाचोळ्याची गाडी ठरलेल्या दिवशी येत असेल, तर पान कचऱ्यात मिसळतच नाही. पान आणि प्लास्टिक एकत्र झाल्यावरच त्याचा कचरा होतो. तोवर तो कच्चा माल असतो.

काही माल केंद्रापर्यंत यायचीही गरज नसते. पुण्यात २०१६ पासून ‘ब्राऊन लीफ’ या नागरिकांच्या उपक्रमाने ज्यांच्या आवारात पाचोळा जास्त आहे त्यांची आणि ज्यांना तो गच्चीवरच्या बागेसाठी हवा आहे त्यांची गाठ घालून दिली. असे जेवढे ढीग मुळातच जिरतात, तेवढा महापालिकेवरचा भार हलका होतो.

दोन बेरजा

खत करणाऱ्या जिवाणूंना सुरुवातीला एका भाग नायट्रोजनमागे २५ ते ३० भाग कार्बन लागतो आणि ५० ते ६० टक्के ओलावा लागतो. वाळलेल्या पानांत हे प्रमाण एकास पन्नासच्या घरात किंवा त्याहूनही वर असतं आणि पाणी जवळपास नसतंच. नुसत्या पानांचा ढीग म्हणूनच वर्ष-दोन वर्षं तसाच दिसत राहतो.

उदाहरण म्हणून १०० किलो पूर्ण वाळलेली पानं घेऊ. त्यांत ४५ किलो कार्बन आणि ०.९ किलो नायट्रोजन धरला, तर प्रमाण ५० येतं. त्यात २०० किलो ताजं कापलेलं हिरवळीचं गवत मिसळलं. गवतातलं १६० किलो पाणीच, उरलेल्या ४० किलोंत १८ किलो कार्बन आणि १.२ किलो नायट्रोजन. एकूण कार्बन ६३ किलो, नायट्रोजन २.१ किलो, म्हणजे प्रमाण बरोबर ३०. आणि ३०० किलोंच्या मिश्रणात १६० किलो पाणी, म्हणजे ओलावा ५३ टक्के. नायट्रोजन आणि पाणी या दोन्ही उणिवा एकाच गवताने भरून निघाल्या. फक्त एवढं हिरवं गवत मिळतं ते पावसाळ्यात, आणि पानं पडतात उन्हाळ्याच्या तोंडावर.

दुसरी बेरीज ओल्या कचऱ्याची. ८० टक्के पाणी असलेला १ टन ओला कचरा ६० टक्के ओलाव्यावर आणायला साधारण ४०० किलो कोरडी पानं लागतात. एवढ्याने कार्बन-नायट्रोजनचं प्रमाणही तिशीच्या आसपास येतं. रोज १ टन ओला कचरा घेणाऱ्या छोट्या प्रकल्पाला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी सुमारे ४९ टन पानं हवीत. कातरलेली पानं दर घनमीटरला १५० किलो धरली आणि ती अडीच मीटर उंच रचली, तर साठ्यालाच १३० चौरस मीटर जागा लागते. मधल्या वाटा आणि आगीपासून बचावाच्या मोकळ्या पट्ट्या धरून त्याच्या दुप्पट. म्हणजे एका मध्यम आकाराच्या पत्र्याच्या शेडचा प्रश्न आहे. खतप्रकल्पाच्या अंदाजपत्रकात यंत्रांवर मोठा खर्च दिसतो. ही शेड मात्र सहसा त्यात नसते, आणि जुलैत दुर्गंधीच्या तक्रारी वाढतात तेव्हा तिची उणीव जाणवते.

साठवणीतला खरा धोका आगीचा. वाळलेल्या पानांचा एकच अजस्र ढीग करू नये. छोट्या कप्प्यांत विभागणी, कप्प्यांमध्ये गाडी जाईल एवढी वाट, हाताशी भरलेली पाण्याची टाकी आणि आवारात विडी-सिगारेटला पक्की मनाई, एवढं तरी हवंच.

इंदूरने घालून दिलेला पाया

या कामाची आधुनिक मांडणी होळकरांच्या इंदुरात झाली. १९२४ साली तिथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ सुरू झाली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातली धसकटं, पाला, तण, गोठ्यातलं शेण आणि मूत्राने भिजलेली माती यांचे थर रचून, ठरावीक वेळी ते पलटून, साधारण तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. १९३१ साली ती त्या दोघांच्या नावाने पुस्तकरूपात आली आणि ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर पोहोचली. १९३४ मध्ये जॅक्सन आणि वाड यांनी तीच पद्धत वस्तीतल्या कचऱ्याला कशी लावायची, हेही लिहिलं. बंगळुरात सी. एन. आचार्य यांनी १९३९ च्या सुमारास खड्डा बंद ठेवून, न पलटता खत करण्याची पद्धत मांडली. तिला मेहनत कमी लागते, वेळ जास्त.

इंदूर पद्धतीतली एक गोष्ट आजच्या केंद्रांनी नीट लक्षात घ्यावी. कोरड्या दिवसांत खत खड्ड्यात करायचं, म्हणजे ओल टिकते. पावसाळ्यात जमिनीवर रास करायची, म्हणजे पाणी साचत नाही. आपल्या हवामानात एकच मांडणी वर्षभर चालत नाही, हे त्यांनी जाणलं होतं.

रास तापते तेव्हा

केंद्रावर पानांच्या लांबट राशी घालतात. उंची दीड मीटरच्या आसपास, रुंदी तिच्या दुप्पट, लांबी जागेप्रमाणे. रास फार लहान असली तर ऊब टिकत नाही, फार उंच असली तर आतली हवा संपते. खाली मुरूम दाबलेला किंवा काँक्रीटचा कठीण तळ आणि त्याला हलका उतार. राशी उताराच्या दिशेने घालायच्या, आडव्या नाहीत. आडवी रास पावसाचं पाणी बांधासारखं अडवते आणि खालून सडते. राशीतून झिरपणारं काळं पाणी नाल्यात सोडायचं नाही. ते टाकीत साठवून नव्या कोरड्या राशीवर शिंपडायचं. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते तेव्हा पिण्याच्या पाण्याला हात न लावता सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं प्रक्रिया केलेलं पाणी वापरता येतं.

मिश्रण जमलं असेल तर काही दिवसांतच रास तापते. लांब दांड्याचा तापमापक आत खुपसला की ५५ ते ६५ अंश सेल्सियस दिसतं. या उष्णतेत तणाचं बी आणि रोगजंतू मरतात. राशीची बाहेरची बाजू थंडच असते, म्हणून ती पलटून आत घालावी लागते. अशा राशींसाठी अमेरिकेतला सरकारी निकष ५५ अंश तापमान १५ दिवस आणि तेवढ्या काळात पाच वेळा पलटणं असा आहे. तापमान ६५ च्या पुढे गेलं तर उपयोगी जिवाणूही मरू लागतात, तेव्हाही पलटायचं. तापलीच नाही तर मूठभर माल हातात घेऊन पिळायचा. एक-दोन थेंब आले तर ओल ठीक, मग नायट्रोजन कमी आहे. हात कोरडाच राहिला तर पाणी कमी. पाण्याची धार लागली किंवा सडका वास आला तर हवा कमी, म्हणजे आणखी कोरडी पानं हवीत.

राशी पलटताना धूळ आणि बुरशीचे बीजाणू उडतात. दम्याच्या माणसाला ते घातक ठरू शकतात. पलटण्याआधी रास ओलावणं, कामगारांना चांगले मास्क, हातमोजे आणि गमबूट देणं हा कामाचाच भाग आहे. पाचोळ्यात विंचू-साप असण्याची शक्यता लक्षात घेता तर अधिकच.

मिश्रणाला हिरवा माल मिळत नसेल तर नुसत्या पानांना ओल देऊन बाजूला ठेवण्याचाही मार्ग आहे. ती तापत नाहीत. बुरशी त्यांना हळूहळू फोडते आणि वर्ष-दीड वर्षात काळपट, भुसभुशीत पानखत तयार होतं. त्यात खताचा कस कमी, पण पाणी धरण्याची ताकद मोठी असते. रोपवाटिकेला ते फार उपयोगी पडतं.

खत झालं हे कसं ओळखायचं

रास पलटूनही पुन्हा तापत नाही तेव्हा ती मुरायला ठेवतात, महिना-दोन महिने. ही पायरी गाळली तर कच्चं खत जमिनीत जाऊन तिथलाच नायट्रोजन ओढतं आणि रोपं पिवळी पडतात. कोकण-गोव्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. नारळाचा शत्रू असलेला गेंड्या भुंगा निवलेल्या खतात अंडी घालतो. खत चाळताना त्याच्या जाड पांढऱ्या अळ्या वेचून नष्ट केल्या नाहीत, तर खताबरोबर कीडही वाडीत जाते.

तयार खताची सोपी परीक्षा अळीव पेरून होते. खतात भिजवलेलं अळीव साध्या पाण्यातल्याइतकंच जोमाने उगवलं, तर खत मुरलं. जगभरच्या प्रयोगशाळाही खताच्या चाचणीत हेच बी वापरतात. विक्रीसाठी मात्र खत नियंत्रण आदेशाचे निकष पाळावे लागतात. शहरी खतात कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण २० च्या आत, सामू ६.५ ते ७.५ आणि शिसं दर किलोला १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी हवं. या निकषांत बसणाऱ्या महाराष्ट्रातल्या शहरांच्या खतासाठी राज्याने ‘हरित महासिटी कंपोस्ट’ ही मुद्राही दिली आहे. पण पाचोळ्याच्या खताचा पहिला ग्राहक महापालिकाच असायला हवी. उद्यान विभाग दरवर्षी माती आणि शेणखत विकत घेतो. आपल्याच झाडांच्या पानांचं खत त्याच झाडांच्या आळ्यात परत गेलं, तर वाहतूकही वाचते आणि खरेदीही.

वर्षाचं वेळापत्रक

चांगलं केंद्र पंचांगाप्रमाणे चालतं. डिसेंबरात श्रेडरची दुरुस्ती आणि पोत्यांचं वाटप. जानेवारी ते एप्रिल पाचोळा गोळा करणं, कातरणं आणि कोठारात भरणं. याच काळात भाजी मंडईचा टाकाऊ माल आणि गोठ्यांचं शेण मिळेल तेवढ्या राशी लावणं. मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीच्या फांद्या वेगळ्या रचणं. जून ते सप्टेंबर साठ्यातली पानं रोजच्या ओल्या कचऱ्याला आणि बागांतल्या गवताला पुरवणं. गणपतीत निर्माल्य, दसऱ्याला झेंडू आणि आपट्याची पानं. दिवाळीनंतर मुरलेलं खत चाळून बागांना देणं आणि कोठार पुन्हा रिकामं करणं.

यासाठी घनकचरा विभाग आणि उद्यान विभाग यांना एकाच कागदावर एकत्र यावं लागतं. झाडं एकाची, रस्ते दुसऱ्याचे, अशी वाटणी असते तोवर पाचोळा कोणाचाच नसतो. एका अधिकाऱ्याकडे दोन्ही बाजूंची जबाबदारी आणि एक नोंदवही एवढीच सुरुवात पुरेशी आहे. त्या वहीत आवक, साठा, वापर आणि खताची पाठवणी लिहिलेली असावी.

नागरिकांनाही या वहीतला एक आकडा दरवर्षी मागता येईल. मोसमी पाऊस सुरू होण्याआधी आपल्या महापालिकेच्या कोठारात किती टन कोरडी पानं आहेत? उत्तर शून्य असेल, तर त्या शहराने उन्हाळ्यात हवा बिघडवली आहे आणि पावसाळ्यात त्याचा ओला कचरा कुजण्याऐवजी सडणार आहे. उत्तर रोजच्या ओल्या कचऱ्याच्या हिशेबाने पुरेसं असेल, तर धूर, दुर्गंधी आणि नापीक होत चाललेली बागांची माती या तिन्ही दुखण्यांवर त्या शहराने एकदमच उपाय सुरू केला आहे. नगरसेवकाला, प्रभाग कार्यालयाला हा प्रश्न मे महिन्यात लेखी विचारायला हवा, आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा.